दगा देणारा घोटा आणि दीड इंची पट्टी

सामना सुरू व्हायला अर्धा तास आहे. मैदानाच्या कडेला टेबलावर खेळाडू पाय लांब करून बसलाय. पाऊल टेबलाच्या कडेबाहेर, नडगीशी काटकोन धरून. "बोटं वर ओढ, पाऊल सैल सोडू नकोस," असं फिजिओ पुन्हा पुन्हा बजावते, कारण पाऊल जरा खाली पडलं की सगळी पट्टी चुकीच्या मापाने बसते. आधी टाचेच्या मागे आणि पावलाच्या वरच्या वाकणावर व्हॅसलीन लावलेले फोमचे दोन तुकडे. घासून फोड येतात ते नेमके तिथेच. त्यावर पातळ अस्तरपट्टी. मग नडगीच्या खालच्या अंगाला दोन आडवे वेढे. त्यांना अँकर म्हणतात, कारण पुढच्या सगळ्या पट्ट्या त्यांच्याच आधाराने टिकतात. मग आतल्या घोट्यावरून निघून, टाचेखालून वळून, बाहेरच्या घोट्यावर ओढून घेतलेल्या उभ्या पट्ट्या, घोड्याच्या रिकिबीसारख्या, एकीवर दुसरी अर्धी चढलेली. शेवटी टाचेला दोन्ही बाजूंनी जखडणारे तिरके वेढे, म्हणजे हील लॉक. पट्टी रोलवरून सुटताना चर्र चर्र आवाज येत राहतो. पाच-सात मिनिटांत काम होतं. खेळाडू खाली उतरतो, जागच्या जागी दोन उड्या मारतो आणि म्हणतो, "आता बरं वाटतंय."

या 'बरं वाटतंय'मध्ये काय काय असतं, याचा शोध संशोधक साठेक वर्षं घेत आहेत. पट्टी सांध्याला खरोखर धरून ठेवते का? पाऊल कुठे, कसं टेकतंय याची जाणीव वाढवते का? पाय पुन्हा मुरगळणं थांबवते का? की नुसता धीर देते? हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी निघाली आहेत. आपल्याकडे मैदानावर जी वादावादी चालते, एक म्हणतो टेपशिवाय उतरू नको, दुसरा म्हणतो टेपने पाय लुळा पडतो, ती बहुतेक वेळा या चार प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे होते.

आधी दुखणं काय ते पाहू. पाय मुरगळतो तेव्हा बहुधा पाऊल आत वळतं आणि चवडा खाली गेलेला असतो. ताण येतो तो बाहेरच्या घोट्याशी असलेल्या तीन अस्थिबंधांवर. त्यातला पुढचा, फिब्युला आणि टॅलस या हाडांना जोडणारा, सर्वांत आधी तुटतो किंवा ताणला जातो. जोर जास्त असेल तर टाचेच्या हाडाकडे जाणारा दुसरा. मागचा तिसरा क्वचितच जातो. सूज उतरते, काळंनिळं मावळतं, आणि घरचे, कोच, स्वतः खेळाडू, सगळे समजतात की झालं, बरा झाला. बऱ्याच जणांचा खरंच बरा होतो. बाकीच्यांचा घोटा मात्र दगा द्यायला लागतो. सपाट रस्त्यावर, जिना उतरताना, वळताना तो अचानक निसटल्यासारखा होतो, आणि दर दोन-चार महिन्यांनी पुन्हा मुरगळतो. डब्लिनमध्ये पहिल्यांदाच पाय मुरगळलेल्या तरुणांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ४० टक्के जण वर्षाअखेरीस या जुनाट अस्थिरतेत अडकलेले आढळले. "पाय मुरगळला, त्यात काय एवढं" असं म्हणणाऱ्या प्रत्येक कोचने हा आकडा लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

ही अस्थिरता दोन प्रकारची असते, आणि पट्टीचं सगळं कोडं इथेच आहे. एक यांत्रिक: अस्थिबंध सैल झाले, सांध्यात खरोखर ढिलेपणा आला. दुसरी कार्यात्मक: तपासून पाहिलं तर सांधा घट्ट आहे, तरीही घोटा दगा देतो. या दुसऱ्या प्रकाराकडे पहिल्यांदा नीट लक्ष वेधलं ते १९६५ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. (हेच फ्रीमन पुढे गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यासाठी जगभर ओळखले गेले.) त्यांचं म्हणणं असं की अस्थिबंध तुटतो तेव्हा त्यातली सांध्याची खबर मेंदूकडे पोचवणारी मज्जातंतूंची टोकंही तुटतात. दोरी पुन्हा जुळते, पण तिच्यातून जाणारी तार तुटलेलीच राहते. म्हणून त्यांनी रुग्णांना डगमगणाऱ्या फळीवर एका पायाने उभं राहायला लावलं, आणि दगा देण्याची तक्रार बरीच कमी झाली. आजचे संशोधक तुटलेल्या तारेचं हे चित्र जसंच्या तसं मानत नाहीत. जय हर्टेल यांनी २००२ मध्ये मांडलेल्या आणि पुढे सुधारलेल्या आराखड्यात सैलपणा, स्नायूंचा उशीर, तोल, नितंबापासूनच्या हालचालींची बदललेली ढब, वेदना, भीती हे सगळं एकत्र येतं. पण फळीवर उभं राहण्याचा उपाय आजही पहिल्या रांगेत आहे. कल्पना बदलली, उपाय टिकला.

अस्थिर घोटा कोणाचा म्हणायचा, यावरही बराच काळ एकवाक्यता नव्हती. शेवटी आंतरराष्ट्रीय अँकल कन्सॉर्टियमने २०१३ मध्ये निकष ठरवले: पहिली मोठी मुरगळ किमान वर्षभरापूर्वीची, त्यानंतर वारंवार मुरगळणं किंवा दगा देणं, आणि कंबरलँड नावाच्या ३० गुणांच्या प्रश्नावलीत २४ किंवा कमी गुण. हे नीरस वाटेल, पण त्याआधीचे कितीतरी अभ्यास एकमेकांशी जुळत नव्हते ते यामुळेच. एकाने धडधाकट पाय तपासले होते, दुसऱ्याने दहा वेळा मुरगळलेले.

आता पट्टी. मुरगळलेल्या घोट्याला विणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या चिकटपट्ट्या लावून रुग्णाला लगेच चालतं करण्याची पद्धत न्यूयॉर्कचे अस्थितज्ज्ञ व्हर्जिल गिब्नी यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केली. आज बास्केटवीव्ह म्हणतात ती हीच. म्हणजे मूळ उपाय जखमी पायासाठी होता. निरोगी पायाला सामन्याआधी पट्टी बांधण्याची चाल नंतरची.

पट्टी सांधा धरून ठेवते का? ठेवते, थोडाच वेळ. १९६२ मध्ये विस्कॉन्सिनच्या लॉरेन्स रॅरिक आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या टेपिंगचा आधार मोजला. दहा मिनिटांच्या जोरदार हालचालीनंतर त्यातला जवळपास ४० टक्के आधार गेलेला होता. तेव्हापासून अनेकांनी वेगवेगळ्या पट्ट्या आणि वेगवेगळे व्यायाम घेऊन हे तपासलं. आकडे थोडे मागेपुढे झाले, गोष्ट तीच राहिली. कातडी घामेजते, गोंद सुटतो, पट्टीच्या विणी ताणतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबईच्या मैदानावर तर विचारूच नका.

मग पट्टीचा जोर दहा मिनिटांत एवढा ओसरतो, तर ती चाळिसाव्या मिनिटाला कशी वाचवणार? इथे अपघाताचा वेग पाहिला पाहिजे. हाँगकाँगच्या एका प्रयोगशाळेत वळण घेऊन धावण्याची चाचणी चालू असताना एका खेळाडूचा पाय खरोखरच मुरगळला आणि सगळं कॅमेऱ्यांत टिपलं गेलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीत पाऊल ०.२ सेकंदात ४८ अंश आत वळलेलं दिसतं, सेकंदाला सहाशे अंशांहून जास्त वेगाने. घोट्याला बाहेर खेचून सावरणारे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू जागे होऊन खरा जोर लावेपर्यंत सुमारे सव्वाशे मिलिसेकंद जातात. शर्यत अशी घासून आहे. पट्टी पावलाला अडवू शकली नाही, तरी आत वळण्याचा वेग थोडा जरी कमी केला, किंवा पाऊल जमिनीला टेकण्याआधी ते सरळ धरलं, तर स्नायूंना हवे ते क्षण मिळतात. सैल झालेल्या पट्टीतही एवढं बळ उरलेलं असू शकतं. मला हे स्पष्टीकरण इतर सगळ्यांपेक्षा पटतं, कारण त्यासाठी पट्टीत कुठली जादू मानावी लागत नाही.

जादूचा दावा दुसऱ्या प्रश्नात आहे: पट्टी कातडीला ओढते, त्यामुळे मेंदूला पावलाची जास्त खबर मिळते. फिजिओथेरपीच्या वर्गांत हे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. १९९२ मध्ये स्वीडनच्या कार्लसन आणि आंद्रेआसन यांना अस्थिर घोट्यांत पट्टीमुळे पेरोनियल स्नायू थोडे लवकर जागे होताना दिसले. तीन वर्षांनी धडधाकट तरुणांवरच्या एका अभ्यासात पट्टीने पावलाची जाणीव सुधारल्याचं आढळलं. पण २०१२ मध्ये अस्थिर घोट्यांवरच्या अशा अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं, तेव्हा पट्टी किंवा ब्रेसमुळे (म्हणजे घोट्यावर चढवायच्या तयार आधारामुळे) सांध्याची जाणीव सुधारते याला पुरावा सापडला नाही. डोळे बंद करून पाऊल ठरावीक कोनात आणायला सांगितलं, तर पट्टीवाले आणि बिनपट्टीवाले सारखेच चुकले.

चौथा प्रश्न धीराचा. माझ्या मते या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग सिडनीच्या सॉकिन्स आणि सहकाऱ्यांचा आहे. २००७ मध्ये त्यांनी अस्थिर घोट्याच्या ३० जणांना तीन वेळा तपासलं: एकदा खरी पट्टी बांधून, एकदा पट्टीशिवाय आणि एकदा खोटी पट्टी लावून. खोटी पट्टी म्हणजे घोट्याच्या वर नुसता एक तुकडा. सांध्याला त्याने काडीचाही आधार मिळत नाही. एका पायावर लंगडी घालण्याच्या आणि तोल सांभाळत पाय लांब नेण्याच्या चाचण्यांत तिन्ही वेळा फरक पडला नाही. पण विचारलं तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितलं की पट्टी असताना पाय पक्का वाटला, विश्वास वाटला, खोट्या पट्टीनेसुद्धा.

हा निकाल वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सगळा मनाचा खेळ. मी तसं म्हणणार नाही. ज्याचा घोटा वर्षभर दगा देतोय, तो खेळाडू मनातल्या मनात पाय आधीच राखून टाकतो. वळताना कचरतो, उडी अर्धवट मारतो, आणि कचरून टाकलेलं पाऊल जास्त वाकडं पडतं. हे मी स्वतःवरून सांगतो. शाळेत खो-खो खेळताना खांबावर वळण घेताना माझा उजवा घोटा मुरगळला. एका जाणत्याने आंबेहळद आणि तेल लावून तो असा काही चोळला की रात्रभर सूज दुपटीने वाढली. तीन आठवड्यांनी मैदानात उतरलो, आणि त्या हंगामात तोच पाय आणखी तीनदा गेला. पुढची दोन वर्षं खांबाशी आलो की मी वळायच्या आधीच दबकत होतो. पाठीमागे धावणाऱ्यालाही ते कळायचं. त्या काळात कोणी एका पायावर उभं राहून दाखव म्हणालं नाही, की पट्टी बांधली नाही. विश्वासाने टाकलेलं पाऊल ही खेळातली मोठी गोष्ट आहे. फक्त तो विश्वास सांध्याच्या ताकदीतून आलाय की पट्टीच्या तुकड्यातून, हे खेळाडूला आणि कोचला ठाऊक असावं.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि इथे उत्तर बऱ्यापैकी ठाम आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत गॅरिक आणि रेक्वा यांनी विद्यापीठातल्या बास्केटबॉल खेळाडूंवर पट्टीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पट्टी बांधणाऱ्यांचे पाय कमी मुरगळले, आणि पूर्वी मुरगळलेल्यांना फायदा कितीतरी जास्त झाला. किती, ते २००४ मध्ये त्याच आकड्यांवरून काढण्यात आलं: आधी मुरगळलेल्या २६ खेळाडूंना पट्टी बांधली तर एक दुखापत टळते, कधीच न मुरगळलेल्यांत तेवढ्याचसाठी १४३ जणांना बांधावी लागते. कडक ब्रेसचे आकडेही असेच बोलतात. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या १,६०१ कॅडेटांवरच्या १९९४ च्या अभ्यासावरून ते १८ आणि ३९ निघतात. दक्षिण आफ्रिकेच्या फुटबॉलपटूंवरच्या त्याच वर्षीच्या अभ्यासावरून ५ आणि ५७. २०१० मधल्या एका आढाव्यात आधी जखमी झालेल्या खेळाडूंत पट्टीमुळे पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण ७१ टक्क्यांनी आणि ब्रेसमुळे ६९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

म्हणजे ज्याचा घोटा दगा देतो, त्याने पट्टी किंवा ब्रेस बांधावाच. यात मला शंका उरलेली नाही. पण आख्ख्या संघाला रांगेत बसवून एकेकाच्या घोट्याला रोल संपवणं, केवळ दूरदर्शनवर परदेशी संघ तसं करताना दिसतात म्हणून, हा पैशांचा आणि वेळेचा अपव्यय आहे. पट्टी रोज नवी लागते. वर उल्लेख केलेल्या २००४ च्या हिशोबात पूर्ण हंगामात पट्टीचा खर्च ब्रेसच्या जवळपास तिप्पट निघाला. शिवाय ब्रेस खेळाडू स्वतः बांधू शकतो, मध्यंतरात घट्ट करू शकतो. पट्टीला सराईत हात लागतो. चुकीची बांधली तर पोटरीला रग लागते, बोटं बधिर होतात, कातडी सोलते. तालुक्याच्या मैदानावर सराईत हात असतोच असं नाही, तिथे दोरीने आवळायचा साधा ब्रेस मला जास्त विश्वासाचा वाटतो. रंगीबेरंगी, ताणणारी कायनेसिओ पट्टी मात्र या यादीत बसत नाही. जपानच्या केंझो कासे यांनी १९७० च्या दशकात ती काढली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर ती सगळीकडे दिसू लागली. ती लवचीक आहे, सांध्याला अडवण्यासाठी ती बनलेलीच नाही, आणि अस्थिर घोट्यासाठी न ताणणाऱ्या पट्टीऐवजी तिच्यावर विसंबून राहू नये.

"सवय लागली की स्नायू लुळे पडतात" हा जुना आक्षेप. आठ आठवडे रोज ब्रेस घातलेल्या धडधाकट माणसांच्या पेरोनियल स्नायूंचा प्रतिसाद २००० मध्ये तपासण्यात आला. तो मंदावला नव्हता. घोटा बांधला की ताण गुडघ्यावर जातो, हाही समज. विस्कॉन्सिनच्या शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवरच्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात ब्रेसवाल्यांचे गुडघे जास्त दुखावले नाहीत.

आता व्यायामाची बाजू, कारण पट्टीचा खरा भाऊ तोच. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर २००९ मध्ये झालेल्या अभ्यासात अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर घरी आठ आठवडे करायचे तोलाचे व्यायाम दिले. वर्षभरात त्यांच्यातल्या २२ टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला, बाकीच्यांतल्या ३३ टक्क्यांचा. पुढे २०१४ मध्ये त्याच देशात ब्रेस, व्यायाम आणि दोन्ही अशी तिहेरी तुलना झाली. ब्रेसवाल्यांत १५ टक्के, व्यायामवाल्यांत २७ आणि दोन्ही करणाऱ्यांत १९ टक्के पुन्हा मुरगळले. ब्रेस जिंकला, हे खरं. पण ब्रेस बांधला तेवढ्यापुरता काम करतो. रात्री मोरीत जाताना, एसटीच्या पायरीवरून उतरताना, भातखाचराच्या बांधावरून चालताना घोट्याला कोणी बांधत नाही. तिथे त्याच्या मदतीला स्नायू आणि तोल हेच असतात. आठ आठवड्यांचे व्यायाम झेपण्यासारखे आहेत, त्यांना पैसा लागत नाही, आणि मैदानावर नेमके तेच टाळले जातात. एवढं सगळं करूनही सांधा यांत्रिकरीत्या सैलच राहिला, तर शस्त्रक्रियेचा मार्ग असतो. १९६६ मध्ये स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी मांडलेली अस्थिबंध आवळण्याची पद्धत थोड्या सुधारणांसह आजही वापरात आहे.

आपल्या खेळांकडे या सगळ्यातून पाहायला हवं, कारण वरचे बहुतेक पुरावे बूट घातलेल्या पायाचे आहेत. बास्केटबॉल, फुटबॉल, व्हॉलीबॉल, सगळीकडे पट्टी बुटाच्या आत आणि ब्रेस बुटाच्या आधाराने राहतो. आपला खो-खो आणि मातीतली कबड्डी अनवाणी पायांत वाढली. अनवाणी पायाला पट्टी बांधली की टाचेखालून जाणाऱ्या वेढ्यांना माती लागते, कडा उलटतात, चवड्याची पकड कमी होते. कडक ब्रेस तर बुटाविना जागेवर राहतच नाही. कबड्डी मॅटवर गेली, २०१४ पासून प्रो कबड्डी घराघरांत पोचली, बूट आले, आणि त्याबरोबर पट्टीही. पण मॅट पायाला जास्त धरते. चढाई करणारा वळतो तेव्हा पाऊल घसरत नाही, अडकतं. त्यात कोपऱ्यातल्या रक्षकाने अँकल होल्ड घातला, तर टेकलेलं पाऊल एकीकडे आणि अंग दुसरीकडे. असा बाहेरून आलेला जोर आणि उडीवरून खाली येताना स्वतःच वाकडं पडलेलं पाऊल, या दोन अपघातांना पट्टी सारखीच पुरेल अशी अपेक्षा करू नये. अँकल होल्डमधून सुटण्यासाठी पाय कसा ओढायचा, वजन कधी उचलायचं, हे कौशल्यच तिथे पहिलं संरक्षण आहे. म्हणून कबड्डीच्या आणि खो-खोच्या शिबिरांत तोलाचे व्यायाम सरावाच्या सुरुवातीला पक्के बसवावेत, हे परदेशातल्या बास्केटबॉल संघांपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे.

आणि पहिली मुरगळ. मेलबर्नच्या बास्केटबॉल खेळाडूंवरच्या २००१ च्या अभ्यासात पूर्वी घोटा दुखावलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळपास पाचपट निघाली; आणि घोटा दुखावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी कोणालाच पाय दाखवला नव्हता. मेलबर्नला ही तऱ्हा, तर आपल्याकडची सांगायला नको. डब्लिनच्या अभ्यासाने खुणाही दिल्या आहेत: दुखापतीनंतर दोन आठवड्यांनीही उडी मारून नीट उतरता येत नसेल, सहा महिन्यांनी तोल कमी असेल, तर तो घोटा पुढे दगा देण्याची शक्यता मोठी. हे तपासायला यंत्र लागत नाही. पायरीएवढी उंची आणि पाहणारा डोळा पुरे.

सामना संपतो. खेळाडू पुन्हा त्याच टेबलावर बसतो. फिजिओ बोथट टोकाची कात्री आतल्या घोट्यामागून सरकवते आणि पट्टी एका बाजूने उकलते. सकाळी पांढरी असलेली पट्टी मातकट झालेली असते, घामाने ओली, टाचेजवळ पार सैल. कातडीवर विणीचे ठसे उमटलेले. ती पट्टी चुरगळून बाजूला टाकते आणि खेळाडूला अनवाणी जमिनीवर उतरायला सांगते. "आता त्याच पायावर उभा राहा. हात कमरेवर. डोळे मीट." घोटा डावीकडे-उजवीकडे थरथरतो, अंगठा जमीन चाचपतो, बाहेरची शीर तटतटते. बाराव्या सेकंदाला दुसरा पाय खाली येतो. "पुन्हा," ती म्हणते, आणि घड्याळ शून्यावर आणते.